नाईलवरची क्रूझ: चार रात्रींत मंदिरे खरोखर पाहून होतात का?

पार्लेपूर्व (प्रश्न)

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन इजिप्तला जाण्याचा आमचा विचार आहे. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, त्यामुळे जाण्या-येण्याची चिंता नाही. माझा प्रश्न लक्सर ते अस्वान या नाईलवरच्या प्रवासाबद्दल आहे आणि तो थोडा सविस्तर मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना आमची परिस्थिती कळेल.

बाबांना शिल्पांचे आणि शिलालेखांचे मनापासून वेड आहे. माझ्या लहानपणी ते वर्षातून एकदा तरी आम्हाला गेटवेवरून लाँचने घारापुरीला नेत असत आणि त्रिमूर्तीसमोर तासभर बसवून ठेवत. आम्ही भावंडे कंटाळून माकडांकडे पाहत बसायचो. आज मात्र कुठल्याही लेण्यात शिरलो, की आधी खांब मोजण्याची आणि मग भिंतीकडे वळण्याची सवय त्यांच्यामुळेच लागली आहे. आईचे वय ६६ असून तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे. ती सपाट जागेवर बेताने चालते, पण कठडा नसलेल्या पायऱ्यांवर तिला आधार लागतो.

आम्ही तीन-चार सहल कंपन्यांचे कार्यक्रम मागवले. सगळ्यांचा साचा एकच आहे: कैरोत दोन रात्री, मग लक्सर ते अस्वान चार रात्रींची क्रूझ, आणि परत. त्यात कर्नाक व लक्सर ही दोन्ही मंदिरे मिळून अर्धा दिवस, पश्चिम तीरावरची राजांची दरी, हात्शेप्सुतचे मंदिर व मेम्नॉनचे पुतळे मिळून अर्धा दिवस, आणि पुढे एडफू, कोम ओम्बो व फिले यांना प्रत्येकी काही तास असा हिशेब दिसतो. हे वाचून बाबा म्हणाले, ‘आपण देवळे पाहायला चाललो आहोत की बोट?’ त्यांचा आग्रह आहे की लक्सरला हॉटेलात राहावे आणि रोज गाडी करून एकेक ठिकाण सावकाश पाहावे. आईला बोट हवी आहे, कारण बॅगा एकदाच उघडायच्या आणि एकदाच भरायच्या, आणि मधल्या वेळात तिला पडून राहता येईल.

ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी सांगावे: मंदिरे नीट पाहायची असतील तर क्रूझ हा मार्ग योग्य आहे का? वेळ कुठे वाढवावा आणि कुठे कमी करावा? आणि आईला यातले काय झेपेल?

अंबरनाथकर

आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, परंतु त्याचे माझे उत्तर त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. मी हा प्रदेश दोनदा पाहिला, एकदा क्रूझने आणि एकदा लक्सरमध्ये आठवडाभर मुक्काम करून. दुसऱ्या खेपेला मला भिंती अधिक नीट वाचता आल्या. पण मंदिरे जिथे आहेत तिथेच का आहेत, हे मला पहिल्या खेपेला, बोटीच्या डेकवरून कळले होते.

आपल्याकडे देव पालखीतून निघतो, तिथे तो होडीतून निघत असे. कर्नाकच्या गाभाऱ्यातली अमुन या देवाची मूर्ती ओपेत उत्सवात लक्सरच्या मंदिरात नेली जाई, आणि डेंडेराची हाथोर देवी वर्षातून एकदा नदीने प्रवास करून एडफूच्या होरसाला भेटायला जाई. खुद्द मंदिरातही देवाची एक छोटी होडी असे, जी पुजारी दांड्यांवर पेलून खांद्यावरून नेत. कर्नाकच्या भिंतींवर ही होडी इतक्या वेळा कोरलेली आहे की एकदा ओळखता आली, की पुढे प्रत्येक ठिकाणी तीच दिसू लागते. कर्नाकच्या पहिल्या महाद्वारासमोर उभे राहून मागे वळून पाहा. तिथे दगडी धक्क्याचा चौथरा आहे. नदीतून काढलेला कालवा पूर्वी तिथपर्यंत येत असे आणि देवाची नाव तिथे लागत असे. आज बहुतेक गट त्या चौथऱ्यावरून तसेच पुढे चालत जातात. म्हणून वडिलांना सांगा, की इथे बोट आणि देऊळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांना निश्चित आवडेल. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो. त्यामुळे प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे जाणारी नाव शीड उभारून जाई आणि उत्तरेकडे परतणारी नाव शीड उतरवून प्रवाहाबरोबर येई. चित्रलिपीत ‘दक्षिणेकडे जाणे’ या क्रियेसाठी शीड उभारलेली होडी काढतात आणि ‘उत्तरेकडे जाणे’ यासाठी शीड नसलेली होडी. लक्सरहून अस्वानला निघालात तर तुमचा प्रवास शीड उभारलेल्या होडीचा असेल.

आता वेळेचा हिशेब. क्रूझची खरी अडचण अशी आहे की जिथे सर्वांत जास्त पाहण्यासारखे आहे, त्या लक्सरला ती सर्वांत अपुरा वेळ देते. एकट्या कर्नाकच्या मोठ्या स्तंभमंडपात १३४ खांब आहेत, त्यांपैकी मधले १२ सुमारे २१ मीटर उंच आहेत. गाईड बहुतेक वेळा या मधल्या खांबांखाली छायाचित्रे काढायला लावतो आणि पुढे नेतो. वडिलांनी मात्र आधी मंडपाच्या उत्तर भागात जावे आणि मग दक्षिण भागात. उत्तरेकडचे काम सेती पहिला याच्या काळातले असून तिथे आकृती पृष्ठभागातून वर उचललेल्या आहेत. दक्षिणेकडचे काम त्याचा मुलगा रामसेस दुसरा याच्या काळातले आहे आणि तिथे आकृती दगडात आत खोदलेल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात हा फरक हाताच्या अंतरावरून पाहावा. उठावाच्या कामात गाल, खांदा, पोटरी यांवर सावली हळूहळू उतरते. खोदीव कामात बाह्यरेषेच्या खाचेत काळी रेघ उमटते आणि आकृती दुरूनही ठसठशीत दिसते. बाप आणि लेक यांच्या कारागिरांच्या हातातला हा फरक एकाच मंडपात, पन्नास पावलांत पाहायला मिळतो आणि त्यासाठी निदान दोन तास हाताशी हवेत.

तिथेच पहिल्या महाद्वाराच्या मागे, आतल्या अंगाला कच्च्या विटांचा एक उतार उरलेला आहे. हे महाद्वार कधी पूर्ण झालेच नाही, त्यामुळे बांधकामासाठी रचलेला तो उतार कोणी काढला नाही. एवढे थोरले दगड वर कसे चढवले, या प्रश्नाचे उत्तर त्या मातीच्या ढिगात समोर पडलेले आहे.

लक्सरचे मंदिर सायंकाळी पाहावे. अंगणाच्या एका कोपऱ्यात अबू हग्गागची मशीद आहे आणि तिचा जुना दरवाजा आजच्या जमिनीपासून कित्येक मीटर उंचावर, भिंतीत अधांतरी दिसतो. मशीद बांधली तेव्हा मंदिर इतके गाडले गेलेले होते की तो दरवाजा त्या वेळच्या जमिनीलगत होता. शतकानुशतकांचा भराव किती होता, हे त्या एका दरवाजाकडे पाहून जितके कळते तितके आकड्यांनी कळत नाही.

एडफूचे होरसाचे मंदिर इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू झाले आणि इसवी सनपूर्व ५७ मध्ये पूर्ण झाले. १८६० च्या सुमारास ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने वाळू उपसेपर्यंत ते बरेचसे गाडलेले होते, म्हणूनच छपरासकट शाबूत राहिले. मी अंबरनाथचा असल्यामुळे मला तिथे एक तुलना सुचली आणि ती सोडवत नाही. आमच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या खाली उतरतात आणि देव जमिनीच्या पोटात भेटतो. एडफूला उलट आहे: आत जावे तशी फरशी थोडी थोडी चढते, छत थोडे थोडे खाली येते आणि उजेड कमी होत जातो. शेवटी उरतो तो अंधाऱ्या खोलीतला गुळगुळीत ग्रॅनाइटचा देव्हारा. तो मंदिराहूनही जुना, नेक्तानेबो दुसरा या राजाच्या काळचा आहे. एक चढत जातो आणि एक उतरत, पण दोन्हीकडे उजेड मागे टाकूनच देवापाशी पोहोचावे लागते.

माझा सल्ला असा: क्रूझ सोडू नका, पण ती सुरू होण्याआधी लक्सरला स्वतंत्रपणे तीन रात्री मुक्काम करा. त्यातला एक पूर्ण दिवस डेंडेरासाठी ठेवा. ते लक्सरच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि चार रात्रींच्या क्रूझमध्ये बहुधा येत नाही. तिथल्या सभामंडपाचे छत काजळी काढून स्वच्छ केल्यापासून निळेशार दिसते. गच्चीवर जाणारे दोन जिने आहेत आणि त्यांच्या भिंतींवर चढणारे व उतरणारे पुजारी कोरलेले आहेत. त्यातल्या एका जिन्याच्या पायऱ्या इतक्या झिजल्या आहेत की दगड वितळून पुन्हा गोठल्यासारखा वाटतो. आपल्या आईंनी तो जिना चढू नये.

ठाणेकरीण

अंबरनाथकरांनी मंदिरांबद्दल लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही. मी माझ्या ७१ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यामुळे आईंच्या बाजूने काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट बोटींच्या लागण्याची. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी पुष्कळ, म्हणून त्या एकमेकींना चिकटून ओळीने उभ्या राहतात. आपली बोट पाचवी असेल तर काठावर उतरण्यासाठी आधीच्या चार बोटींच्या स्वागतकक्षांतून चालत जावे लागते. दोन बोटींच्या मध्ये छोटी फळी असते आणि दोन्हीकडे उंबरा असतो. आमच्या सासूबाईंना मंदिरातल्या पायऱ्यांपेक्षा हे उंबरे अधिक जाचक वाटले. बोटीचे कर्मचारी हात देतात, पण मागून गट येत असला की घाई होते. आम्ही दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या दहा मिनिटे आधी निघू लागलो आणि मग काही त्रास झाला नाही. याच कारणाने खिडकीबद्दलही फार आशा धरू नये. सकाळी हौसेने पडदा सारला तर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीतले एक आजोबा चहा पीत बसलेले दिसले. बोट चालू असते तेव्हाचे दृश्य मात्र विसरता येत नाही: काठाला हिरव्या शेताची पट्टी, त्यामागे खजुराची झाडे आणि लगेच कोरडा पिवळा डोंगर.

दुसरी गोष्ट, कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेला वेळ आणि प्रत्यक्ष मिळणारा वेळ यांत फार अंतर पडते. आमच्या सहल कंपनीने एडफूसाठी दोन तास लिहून दिले होते आणि प्रत्यक्षात मंदिराच्या आत आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली, कारण एस्नाच्या लॉकपाशी (बंधाऱ्यावर बोटी वर-खाली नेण्याच्या दरवाजापाशी) बोट रात्री कित्येक तास खोळंबली होती आणि पुढचे सगळे वेळापत्रक दाबून बसवले गेले. मला याचा फार राग आला होता, कारण लॉकपाशी रांग लागते हे त्या मार्गावर रोज जाणाऱ्यांना ठाऊक असते आणि ते आम्हाला आधी सांगता आले असते. तुम्ही पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक मंदिराच्या आत किती वेळ मिळणार, हे लेखी मागा. शक्य असल्यास गटाचा गाईड न घेता तुमच्या कुटुंबापुरता वेगळा गाईड ठरवा. खर्च वाढतो, पण वडिलांना भिंतीसमोर थांबायचे असेल तर दुसरा उपाय नाही.

एडफूला धक्क्यापासून मंदिरापर्यंत घोडागाडीने नेण्याची पद्धत आहे. आमच्या वाट्याला आलेल्या घोड्याच्या पाठीवर जखम होती. सासूबाई गाडीत बसल्याच नाहीत आणि त्यांचे बरोबर होते. आम्ही मोटार मागितली आणि ती मिळाली. आधी सांगून ठेवले तर सोपे जाते.

आईंसाठी माझ्या मते असे करावे. कोम ओम्बोचे मंदिर धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि ते आरामात होते. तिथे सोबेक हा मगरमुखी देव आणि थोरला होरस या दोघांसाठी एकाच इमारतीत दोन सारखे मार्ग आणि दोन गाभारे आहेत, आणि शेजारीच मगरींच्या ममींचे छोटे संग्रहालय आहे. आमच्या सासूबाईंना अख्ख्या प्रवासात तेच सर्वांत आवडले. राजांच्या दरीत प्रवेशद्वारापासून विजेवर चालणारी छोटी गाडी मिळते. सर्वसाधारण तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, सेती पहिला यांसारख्या काही थडग्यांना वेगळे तिकीट लागते. कुठली थडगी सपाट उताराची आणि कुठली खोल जिन्याची, हे गाईडला आधी विचारून आईंसाठी निवडा. आतला रखवालदार ‘इकडे या, हे बघा’ म्हणत पुढे होईल आणि मग बक्षिशी मागेल, म्हणून सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. तिकिटासाठी मात्र कार्ड जवळ हवे, कारण अनेक मोठ्या स्थळांवर आता रोख रक्कम घेत नाहीत.

हवेबद्दल आपण मुंबईकर चुकतो. तिथे आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून पाणी पिण्याची आठवण होत नाही आणि दुपारपर्यंत डोके जड होते. जानेवारीत दिवस सुखद असतात, पण पहाटे डेकवर स्वेटर लागतो. शाकाहारी असाल तर काळजी नको. वालासारख्या दाण्यांचा ‘फूल’ नावाचा पदार्थ, त्याच जातीच्या डाळीचे वडे आणि भात, मसूर व मॅकरोनीची कोशरी हे सगळीकडे मिळते. आम्ही नेलेली लसणाची चटणी कोशरीबरोबर फार छान लागली.

पार्लेपूर्व

दोघांचेही मनापासून आभार. अंबरनाथकरांचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. शीड असलेल्या आणि नसलेल्या होडीपाशी त्यांनी मला थांबवले आणि कागद-पेन्सिल मागितली. लक्सरला आधी तीन रात्री राहण्याचे आता जवळजवळ नक्की झाले आहे.

एक प्रश्न राहतो. अबू सिंबल पाहण्यासाठी अस्वानहून पहाटे निघावे लागते असे कळते. आईसाठी ते खूप होईल का? आणि फिले व अबू सिंबल ही दोन्ही मंदिरे मूळ जागेवरून हलवलेली आहेत, तेव्हा ती पाहताना काही उणे वाटते का, हेही बाबांना जाणून घ्यायचे आहे.

भीमाथडी

या प्रश्नाला उत्तर देण्याची मला फार इच्छा आहे, कारण मी मूळचा इंदापूर तालुक्यातला आहे, जलसंपदेच्या कामात आयुष्य घालवले आहे आणि आता मुलुंडला स्थायिक आहे. उजनीच्या धरणात आमच्या भागातली जी गावे गेली त्यांत पळसदेव होते. पळसनाथाचे जुने मंदिर आजही जलाशयात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की ते हळूहळू वर येते, आधी शिखर, मग मंडप, आणि एखाद्या कोरड्या वर्षी गाळात उभे असलेले संपूर्ण मंदिर. मी दहावीत असताना वडिलांबरोबर त्या गाळातून चालत गेलो होतो. दगडांवर वाळलेले शेवाळ होते आणि माझे वडील चपला हातात घेऊन चालत होते, कारण त्यांच्या मनात ते अजून मंदिरच होते.

त्यामुळे फिलेला गेलो तेव्हा माझी नजर आधी खांबांवरच्या पाण्याच्या रेषेकडे गेली. अस्वानचे पहिले धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले आणि नंतर दोनदा उंच केले गेले. फिलेचे इसिस देवीचे मंदिर वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागले आणि भिंतींवरचे रंग धुऊन गेले. खांबांवर एका उंचीपर्यंत दगडाचा रंग वेगळा दिसतो, ती त्या वर्षांची खूण आहे. पुढे उंच धरण झाल्यावर बेटाभोवती तात्पुरता बांध घालून पाणी उपसले, दगड न् दगड क्रमांक घालून सोडवला आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर तेच मंदिर पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्यासाठी नव्या बेटाचा आकारही खडक फोडून आणि भराव घालून जुन्या बेटासारखा केला. आजही तिथे छोट्या मोटारबोटीनेच जावे लागते. आईंना बोटीत चढता-उतरताना दोन्ही बाजूंनी हात द्या. पुढे मंदिराचा बहुतेक भाग सपाट आहे. वडिलांना हेड्रियनच्या दरवाजापाशी नक्की न्या. तिथे मंडुलिस देवाच्या आकृतीशेजारी चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा तारीखवार लेख आहे. ती तारीख आहे २४ ऑगस्ट ३९४. तीन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेली लिपी जिथे थांबली ते ठिकाण बोटभर आहे आणि दाखवणारे कोणी नसेल तर नजरेतून सुटते.

अबू सिंबल अस्वानच्या दक्षिणेला रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर आहे आणि एका बाजूने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. सपाट वाळवंटातला सरळ रस्ता असल्यामुळे गाडी आरामशीर असेल तर आई झोपून जाऊ शकतील. गाडीतळापासून मात्र टेकडीला वळसा घालून चालावे लागते. आदल्या दिवशी त्यांना बोटीवर पूर्ण विश्रांती मिळेल असे पाहा, किंवा अस्वानहून विमानाची सोय आहे तिची चौकशी करा. रामसेस दुसरा याचे चार बसलेले पुतळे सुमारे २० मीटर उंच आहेत. १९६४ ते १९६८ या काळात डोंगरासकट मंदिर कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेले. आत सर्वांत शेवटी चार मूर्ती बसलेल्या आहेत. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचा किरण तिथपर्यंत पोहोचतो आणि चौथी मूर्ती, प्ताह या अंधाराशी जोडलेल्या देवाची, सावलीतच राहते. मंदिर हलवतानाही ही दिशा सांभाळली. माझ्यासारख्या अभियंत्याला पुतळ्यांच्या उंचीपेक्षा या गोष्टीने अधिक हलवले, कारण चूक व्हायला तिथे फार थोडी जागा होती.

उणे वाटते का, असे आपल्या वडिलांनी विचारले आहे. होय, वाटते. फिलेच्या मूळ बेटाची जागा शेजारीच पाण्याखाली आहे. अबू सिंबलच्या मागचा डोंगर हा काँक्रीटच्या घुमटावर रचलेला आहे हे एकदा कळले की नजर वारंवार तिकडे जाते. आणि अस्वानच्या दक्षिणेकडच्या नुबिया प्रदेशातल्या लोकांची गावेच्या गावे उंच धरणाच्या नासर जलाशयाखाली गेली, त्यांना मंदिरांसारखे दगड न् दगड मोजून कोणी पुन्हा उभे केले नाही, हेही अस्वानच्या नुबियन वस्तीत गेल्यावर जाणवते. तिथे एका घरात चहा घेताना म्हातारे गृहस्थ आपल्या बुडालेल्या गावाची दिशा हाताने दाखवत होते. आमच्या गावचे लोकही पाण्याकडे असाच हात करतात.

पण हे केले नसते तर काय झाले असते, हे मी पळसदेवला पाहिले आहे. नुबियातला वारसा वाचवण्याच्या त्या मोहिमेत अनेक देशांनी भाग घेतला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथकही १९६० च्या दशकाच्या आरंभी बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात अफ्ये येथे उत्खननाला गेले होते. त्याच काळात आपल्याकडे कृष्णेवर नागार्जुनसागरचे काम चालू होते आणि नागार्जुनकोंड्याचे निवडक अवशेष जलाशयातल्या टेकडीवर हलवले गेले. तिथेही आज लाँचनेच जावे लागते. वडिलांना घारापुरी आवडते, तेव्हा इजिप्तहून परतल्यावर त्यांना नागार्जुनकोंड्यालाही घेऊन जा.

कल्याणकर

चर्चा वाचून फक्त एक गोष्ट जोडतो. लक्सरहून डेंडेराला जाताना वाटेत किफ्त लागते. ग्रीक लोक त्याला कोप्टॉस म्हणत. पहिल्या शतकात तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांत उतरलेला माल उंटांवरून वाळवंट ओलांडून कोप्टॉसला येई आणि तिथून नावेने नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जाई. त्याच काळातल्या ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरची जी बंदरे नोंदलेली आहेत त्यांत सोपारा आणि कल्याण आहेत. बेरेनिकेच्या मंदिराच्या आवारात उत्खननात भारतीय रांजण सापडला आणि त्यात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी होती. तिथे सागवानाचे लाकूडही सापडले आहे.

किफ्तमध्ये क्रूझवाले थांबत नाहीत. गाडीने जात असाल तर चालकाला नदीकाठी दहा मिनिटे थांबायला सांगा. पाहण्यासारखे भव्य काही नाही, पण आपल्या खाडीतून निघालेला माल तिथे नावेत चढत होता, हे आठवून त्या पाण्याकडे पाहावे.

पार्लेपूर्व

सर्वांचे आभार. ठरलेला कार्यक्रम लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. लक्सरला हॉटेलात तीन रात्री: पहिल्या सकाळी उघडताच कर्नाक आणि सायंकाळी लक्सर मंदिर, दुसऱ्या दिवशी किफ्तला थांबून डेंडेरा, तिसऱ्या दिवशी पश्चिम तीर. मग आमच्यापुरता वेगळा गाईड घेऊन लक्सर ते अस्वान चार रात्रींची क्रूझ. बोटीचा लक्सरचा कार्यक्रम आम्ही घेणार नाही, त्या दिवशी आई विश्रांती घेईल आणि बाबा पुन्हा एकदा कर्नाकला जातील. एडफूला मोटार सांगून ठेवली आहे. अस्वानला एक रात्र जास्त धरली आहे, म्हणजे अबू सिंबलच्या आदल्या दिवशी फक्त फिले आणि नुबियन वस्ती एवढेच राहील. प्रत्येक मंदिराच्या आत किती वेळ मिळेल, हे सहल कंपनीकडून लेखी मागितले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.

डेंडेराच्या जिन्याबद्दल आईला सांगितले. ती म्हणाली, ‘मी खाली निळ्या छताखाली बसते, तुम्ही दोघे वर जाऊन या. पण ती झिजलेली पायरी हाताला कशी लागते, ते मला खाली येऊन सांगा.’